चिंच, गूळ आणि पेरांबूरचा खिमा

आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी रात्रीच्या जेवणाला मांस करायचं म्हटलं की पहिली अडचण वेळेची. बैलाच्या किंवा म्हशीच्या मांडीचा तुकडा साध्या पातेल्यात मऊ व्हायला दोन-अडीच तास घेतो, कुकरमध्येही पाऊण तास जातो. एवढा वेळ लागतो तो स्नायूंना धरून ठेवणाऱ्या चिवट पडद्यांमुळे. हे पडदे कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे असतात. जनावराने आयुष्यभर नांगर किंवा गाडी ओढलेली असेल तर ते जाड आणि घट्ट होतात. ७० अंश सेल्सिअसच्या वर, पाण्याच्या संगतीत, त्यांचं हळूहळू जिलेटिन होतं आणि मग मांस सुटं पडतं. इथे घाई चालत नाही. खिम्याचं यंत्र मात्र दुसऱ्याच वाटेने जातं. ते पडदे इतके बारीक तोडतं की ते दाताखाली येतच नाहीत. म्हणून अर्धा किलो खिमा अर्ध्या-पाऊण तासात ताटात येऊ शकतो, आणि कामावरून सात वाजता घरी आलेल्या माणसाला तो परवडतो.

पण या सोयीची किंमत असते. खिम्यात हाड नाही, नळी नाही, तासन्‌तास शिजून रश्श्याला येणारा दाटपणा नाही. प्रत्येक घास आधीच्या घासासारखा लागतो. तिखट वाढवून हे झाकता येत नाही. चार घासांनंतर जीभ फक्त जळते. खिम्याला पुढे ओढून नेणारी चव लागते, आणि ती आंबट-गोड आहे, असं माझं ठाम मत आहे. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, चरबीचा चिकटपणा धुऊन निघतो. गोडाने त्या आंबटाची धार बोथट होते आणि भाजलेल्या मांसाचा वास उठून येतो. अमेरिकेत बारीक खिमा केचप, साखर, व्हिनेगर आणि मोहरीच्या रसात शिजवून मऊ बनमध्ये भरतात. 'स्लॉपी जो' नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ तिथल्या लाखो घरांत आठवड्याच्या मधल्या दिवसांचं जेवण आहे. चेन्नईत राहणाऱ्या माणसाला त्यासाठी केचपची बाटली शोधत बसायची गरज नाही. या शहरात गोमांसाच्या खिम्याशेजारी आंबट-गोड ठेवण्याची रीत फार आधीपासून आहे, आणि ती रेल्वेच्या वसाहतींत वाढली.

पेरांबूर हे उत्तर चेन्नईतलं रेल्वेचं उपनगर. दक्षिणेतली पहिली प्रवासी गाडी १ जुलै १८५६ रोजी रॉयपुरमहून वालाजा रोडकडे सुटली, आणि त्याच वर्षी पेरांबूरला डब्यांचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली शेजारीच इंटिग्रल कोच फॅक्टरी आली. मधल्या काळात, १९०८ साली, मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे एकत्र होऊन 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' ही कंपनी झाली. पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी या आपल्या ओळखीच्या मार्गाचा कारभार त्यानंतर मद्रासमधून चाले. इंजिन ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, फोरमन या जागांवर मोठ्या संख्येने अँग्लो-इंडियन माणसं होती. आपल्या राज्यघटनेने ज्यांची व्याख्या नावानिशी केली आहे असा हा समाज. पेरांबूर, वेपेरी, रॉयपुरम, सेंट थॉमस माउंट या भागांत त्यांची घरं, शाळा, चर्च आणि रेल्वे इन्स्टिट्यूटची नाचाची सभागृहं होती. १९४७ नंतर पुष्कळ कुटुंबं इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाला गेली. जी राहिली त्यांच्या स्वयंपाकघरात रविवारचं ताट अजून तेच आहे.

त्या ताटात पिवळा भात असतो, नारळाच्या दुधात हळद आणि खडा मसाला घालून शिजवलेला. त्यावर बॉल करी: गोमांसाच्या खिम्याचे लिंबाएवढे गोळे, मसालेदार रश्श्यात शिजवलेले. आणि बाजूला चमचाभर डेव्हिल चटणी, लालभडक. कच्चा कांदा, लाल मिरची, साखर, मीठ आणि व्हिनेगर एवढ्यावर ती होते. काही घरांत मनुकाही वाटून घालतात. ही चटणी शिजवत नाहीत. नारळाचा भात मऊ आणि गोडसर, गोळे मसालेदार आणि जड. त्यांच्यामध्ये ही चटणी कांद्याची कचकच, व्हिनेगरची झिणझिण आणि साखरेचा गोडवा एकदम आणते. ताट नीट पाहिलं तर त्यात स्लॉपी जोसारख्या सँडविचचे तिन्ही भाग आहेत: खिमा, आंबट-गोड आणि त्यांना सामावून घेणारं पिठूळ काहीतरी. रविवारी ते वेगवेगळे मांडलेले असतात. बुधवारी रात्री तेच एका कढईत घालून बनमध्ये भरायचे, एवढंच काम उरतं.

मद्रासमधल्या इंग्रजांनाही ही चव कळली होती. 'वायव्हर्न' या टोपणनावाने लिहिणारे कर्नल आर्थर रॉबर्ट केनी-हर्बर्ट मद्रासच्या लष्करात होते. त्यांचं 'कलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास' हे पुस्तक १८७८ साली निघालं. करीत हलकासा आंबट-गोडपणा असलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुस्तकात देशी स्वयंपाक्याचा उल्लेख सरसकट 'रामसामी' असा येतो, जणू सगळ्या मद्रासी स्वयंपाक्यांना एकच नाव असावं. हे वाचताना मला राग येतो, कारण चिंच किती कोळायची आणि गूळ कधी टाकायचा हे ज्ञान त्या माणसांचं होतं. पुस्तकावर त्यांच्यापैकी कोणाचंही नाव नाही.

अमेरिकेतली गोष्ट पुष्कळ अलीकडची. आयोवा राज्यात १९२०च्या दशकात सुटा खिमा बनमध्ये भरून विकणारी दुकानं निघाली. मस्कटीन गावात १९२६ साली सुरू झालेलं 'मेड-राइट' त्यांपैकी सर्वांत नावाजलेलं. त्या खिम्यात टोमॅटोचा रस कोणी आणि कधी घातला यावर तिथे अजून वाद चालतात. १९६९ साली हंट्स कंपनीने 'मॅनविच' नावाचा तयार रस डब्यात आणला आणि पदार्थ घरोघरी पोचला. मला मात्र त्या अमेरिकी कृतीतल्या दुसऱ्याच एका बाटलीत रस आहे. पुष्कळ घरांत या खिम्यात वूस्टर सॉस घालतात. इंग्लंडच्या वूस्टर गावात ली आणि पेरिन्स या दोन औषधविक्रेत्यांनी तो १८३७च्या सुमारास विकायला काढला. त्यात व्हिनेगर, काकवी, साखर, खारवलेले अँचोव्ही मासे, कांदा, लसूण असतात, आणि चिंचही असते. म्हणजे आयोवातल्या कढईत पडणाऱ्या आंबटाचा एक धागा चिंचेपर्यंत येतो. आपल्या फडताळात चिंच असताना ती बाटलीतून परत विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता मांसाबद्दल, कारण त्याबद्दल मोघम बोलून चालणार नाही. तमिळनाडूत १९५८चा पशुसंरक्षण कायदा आहे. त्यानुसार दहा वर्षांहून मोठं आणि कामाला व पैदाशीला निरुपयोगी झालेलं जनावर दाखला मिळाल्यावर कापता येतं. गाईंच्या कत्तलीवर १९७६च्या सरकारी आदेशाने बंदी आहे. त्यामुळे चेन्नईत 'बीफ' म्हणून मिळतं ते बैलाचं किंवा म्हशी-रेड्याचं मांस. उत्तर चेन्नईतले ख्रिस्ती, मुस्लीम, दलित आणि अँग्लो-इंडियन ते उघडपणे विकत घेतात आणि खातात. पुळियंतोप आणि पेरांबूर भागांत बीफ बिर्याणीच्या गाड्या आणि दुकानं आहेत. तरीही हा विषय कायम तापलेला असतो. २३ मे २०१७ रोजी केंद्राने गुरांच्या बाजारांवर निर्बंध घालणारे नियम काढले, तेव्हा आयआयटी मद्रासच्या आवारात विद्यार्थ्यांनी गोमांस खाऊन निषेध केला. त्यानंतर तिथल्या एका विद्यार्थ्याला मारहाण झाली. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ३० मेला त्या नियमांना स्थगिती दिली.

महाराष्ट्रात २०१५ साली लागू झालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही बंदीत आले. म्हणून हे प्रकरण वाचून पुण्या-मुंबईत किंवा नांदेडला हा पदार्थ करणाऱ्याने म्हशीचा खिमा घ्यायचा. कायदा काहीही असो, मोठ्या जनावराचं मांस हे मराठी अन्न आहे, आणि ते लपवून ठेवण्याचा काळ संपायला हवा असं मला वाटतं. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या त्यात आहेत. मीठ लावून उन्हात वाळवलेलं तसंच मांस तमिळ घरांत 'उप्पुकंडम' म्हणून साठवतात. दोन भाषांतल्या गरीब माणसांनी एकच युक्ती शोधली, आणि दोन्हीकडच्या छापील पाकपुस्तकांनी बराच काळ तिच्याकडे पाहिलं नाही.

म्हशीचं मांस बैलाच्या मांसाहून गडद लाल असतं आणि त्यात स्नायूंमधली चरबी कमी. जी चरबी असते ती पांढरी दिसते, कारण म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटिनचं जवळजवळ सगळं 'अ' जीवनसत्त्व करून टाकते. गाई-बैलांच्या चरबीत तो पिवळा रंग राहतो. स्वयंपाकाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की म्हशीचा खिमा लवकर कोरडा आणि रवाळ होतो. दुकानदाराला खांद्याचा किंवा मानेचा भाग मागावा, थोडी चरबी राहू द्यायला सांगावी आणि मोठ्या भोकांच्या जाळीतून एकदाच काढून घ्यावा. दोनदा काढलेला बारीक खिमा गोळ्यांसाठी चांगला, पण पावात तो लगद्यासारखा लागतो. चेन्नईत काही दुकानांत अजून जड कोयत्यासारख्या सुऱ्याने लाकडी ओंडक्यावर कोचून देतात. 'कोत्तुकरी' म्हणतात तो हाच. वेळ असेल तर तो घ्यावा. त्याचे तुकडे असमान असतात आणि खाताना ते कळतं.

हा खिमा त्याच दिवशी करायचा. अखंड तुकड्यावर जंतू फक्त बाहेरच्या बाजूला असतात. खिमा करताना ती बाहेरची बाजू सगळ्या मांसात मिसळली जाते. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली. सातशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. तेव्हापासून खिमा आतपर्यंत ७१ अंशांना शिजलाच पाहिजे हा नियम तिथे शाळकरी मुलांनाही सांगतात. आपण खिमा पूर्ण परततो, त्यामुळे शिजण्याची काळजी नसते. काळजी असते ती दुकान ते घर या प्रवासाची. चेन्नईच्या मे महिन्यात, 'अग्निनक्षत्र' म्हणतात त्या कडक उन्हाच्या दिवसांत, पारा चाळिशीला टेकतो आणि पिशवीतला खिमा तासाभरात धोक्याच्या हद्दीत जातो. सकाळी आणावा, लगेच फ्रीजमध्ये तळाच्या थंड कप्प्यात ठेवावा. संध्याकाळी घरी येताना घेतलात, तर तो थेट कढईत गेला पाहिजे.

चार माणसांसाठी अर्धा किलो खिमा पुरतो. खिमा म्हशीचा असेल तर त्यावर पाव चमचा खाण्याचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून शिंपडावा, हलक्या हाताने मिसळावा आणि पंधरा मिनिटं ठेवावा. सोड्याने मांस किंचित अल्कधर्मी होतं. त्यामुळे तापल्यावर प्रथिनं घट्ट आवळत नाहीत, पाणी आत राहतं, आणि खिमा तपकिरीही लवकर होतो. पुढे चिंच पडली की सोड्याची चव उरत नाही. मीठ मात्र आत्ता घालायचं नाही. मीठ घालून मळलं की मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटून चिकट होतं आणि कण एकमेकांना धरतात. बॉल करीच्या गोळ्यांना तेच हवं असतं. तिथे खिमा मीठ घालून हाताला चिकटेपर्यंत मळतात, म्हणून गोळे रश्श्यात फुटत नाहीत. आपल्याला सुटा खिमा हवा आहे.

रुंद लोखंडी कढई किंवा जाड तवा धूर येण्याच्या बेतात तापवायचा, दोन मोठे चमचे तेल घालायचं आणि अर्धाच खिमा पसरायचा. सगळा एकदम टाकला तर त्याचं पाणी सुटतं, कढई थंड पडते आणि मांस स्वतःच्या पाण्यात उकडतं. पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही, आणि तपकिरी रंग व भाजका वास यायला साधारण १४० अंश लागतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी १९१२ साली साखर आणि अमिनो आम्लं तापवून ज्या प्रक्रियेचं वर्णन केलं, ती हीच. पसरलेला खिमा दोन-तीन मिनिटं ढवळू नका. खालची बाजू गडद झाली की उलथन्याने खरवडून उलटायचा, मग फोडायचा. दुसरा अर्धा तसाच. दोन्ही ताटलीत काढून ठेवायचे. कढईच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर घासून टाकू नका. पुढची सगळी चव त्यावर उभी आहे.

त्याच कढईत आणखी चमचाभर तेल घालून दोन मोठे कांदे बारीक चिरून टाकायचे. मोहरी, कढीपत्ता घालायचा मोह होईल, आणि घालायला माझी हरकत नाही. चेन्नईत तो वास स्वयंपाकघरात असणारच. कांदा मऊ आणि सोनेरी होईपर्यंत आठ-दहा मिनिटं द्यायची. इथेच घाई होते आणि इथेच पदार्थ बिघडतो. आंबट पडलं की कांदा पुढे मऊ होत नाही, कारण वनस्पतींच्या पेशींच्या भिंतींना धरून ठेवणारी द्रव्यं आम्लात विरघळत नाहीत. चिंच घातल्यावर कांदा अर्धा तास शिजवला तरी तो दाताखाली तसाच राहतो. आमटीत चिंच उशिरा घालायला आई-आजी सांगत त्याचं कारणही तेच: डाळ आधी पुरती शिजली पाहिजे. कांदा झाला की सहा पाकळ्या लसूण आणि बोटभर आलं ठेचून, दीड चमचा लाल तिखट, चमचाभर ताजी कुटलेली मिरी, अर्धा चमचा हळद आणि चमचाभर मोहरीची भरड पूड. मोहरीची पूड टाळू नका. स्लॉपी जोमध्येही मोहरी असते, आणि खिम्याच्या जडपणाला ती नाकातून उत्तर देते.

मग दोन पिकलेले टोमॅटो किसून. ते तेल सोडेपर्यंत परतायचे, तेवढ्यात तळाचा थर सुटतो. आता खिमा परत आत आणि सव्वा चमचा मीठ. लिंबाएवढी चिंच पाऊण वाटी कोमट पाण्यात आधीच भिजत घातलेली असेल. तिचा कोळ गाळून घालायचा. चिंच आधी घातली असती तर खिमा नीट तपकिरीच झाला नसता, कारण आम्लात मायार प्रक्रिया मंदावते. शेवटी गूळ, मोठ्या लिंबाएवढा खडा, पंचवीस-तीस ग्रॅम. साधा गूळ चालतो. पण चेन्नईत तिरुनेलवेली-तूत्तुकुडीकडून येणारा ताडाचा काळा गूळ, करुप्पट्टी, मिळतो. तो मिळाला तर तोच घ्या. त्याला धुराचा आणि जळक्या साखरेचा वास असतो आणि भाजलेल्या मांसाशी त्याचं फार जमतं. अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. उलथनं तळावरून ओढलं की वाट पडावी आणि ती सावकाश भरून यावी. त्याहून कोरडा केला तर पावात भुगा होईल, पातळ ठेवला तर कोपरापर्यंत ओघळेल.

चिंच की व्हिनेगर, हा प्रश्न पेरांबूरच्या घरांतही आहे, आणि तिथे दोन्ही असतात. दोघांचा आंबटपणा वेगळा वागतो. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल वाफेबरोबर उडतं. म्हणून उकळत्या कढईत घातलेल्या व्हिनेगरचा काही भाग वाफेबरोबर डोळ्यांत जातो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल उडत नाही. जेवढं घातलं तेवढंच राहतं, उलट पाणी आटलं की जास्तच जाणवतं. चिंचेत स्वतःची साखरही बरीच असते, म्हणून तिचा आंबटपणा गोलसर लागतो. माझा सल्ला असा: पाया चिंचेचा ठेवा आणि कढई उतरवल्यावर एक लहान चमचा व्हिनेगर वरून घाला. चिंच जिभेला लागते, व्हिनेगर आधी नाकाला. डेव्हिल चटणी कच्ची का ठेवतात हेही यातून कळतं; शिजवली तर तिची झिणझिण हवेत जाईल.

आंबट आणि गोड एकमेकांना दाबतात, हे चवीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. गूळ घातल्याने चिंच कमी होत नाही, जिभेला ती कमी वाटते. चिंचेने गुळाचंही तसंच होतं. म्हणून एकाचा तोल गेला तर लगेच दुसरं वाढवत सुटू नका. आधी मीठ पाहा. मीठ कमी असेल तर गोडही उथळ लागतं आणि आंबटही अंगावर येतं. गरम असताना गोड जास्त जाणवतं, त्यामुळे उकळत्या कढईतून चाखून गूळ ठरवू नका. चमचाभर बशीत काढा, फुंकर घाला, मग चाखा. आणि नुसता खिमा चमच्याने खाताना थोडा जहाल वाटला पाहिजे. बन मऊ आणि फिका असतो, तो चव खाली आणतो. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या मराठी माणसाला हा तोल वेगळा शिकवावा लागत नाही. फक्त आमटीपेक्षा दोन्ही थोडे वरच्या पट्टीत ठेवायचे.

बन चेन्नईत कुठेही मिळतो. चहाच्या टपरीवर बन-बटर-जॅम हा इथला जुना नाश्ता आहे, आणि पेरांबूर बॅरॅक्स रोडवरच्या स्मिथ फील्डसारख्या जुन्या बेकऱ्या अजून चालू आहेत. गोडसर मऊ बन या खिम्याला शोभतो, पण त्यात टुटी-फ्रुटी नसावी. मुंबई-पुण्यात लादीपाव उत्तम. बन मधोमध कापून आतल्या दोन्ही बाजूंना लोणी लावायचं आणि तव्यावर पालथे ठेवून कडक तपकिरी करायचे. यात चवीपेक्षा मोठं काम आहे. भाजलेला कोरडा थर आणि लोण्याची चरबी मिळून पाव रसात विरघळू देत नाहीत. इराणी हॉटेलात खिम्याबरोबर येणारा पाव फाडून बुडवायचा असतो, तिथे तो भिजलेलाच हवा. इथे पाव हातात धरून खायचा आहे, म्हणून तो पाच मिनिटं तरी उभा राहिला पाहिजे.

बाजूला काय ठेवायचं? मी डेव्हिल चटणीच सांगेन, जरी खिम्यात आंबट-गोड आधीच आहे. एक कांदा बारीक चिरून अर्धा चमचा तिखट, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे व्हिनेगर घालून खिमा शिजेपर्यंत ठेवून द्यायचा. शिजलेल्या आंबट-गोडावर कच्चं आंबट-गोड पडतं आणि कांदा कचकचतो. मऊ खिमा आणि मऊ पाव यांच्या जेवणात दाताला काहीतरी लागणं आवश्यक आहे. लहान मुलांसाठी तिखटाऐवजी बीटाचा कीस घातला तर रंग तोच राहतो. वेळ नसेल तर काकडीच्या चकत्या मीठ लावून.

हा पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. रात्रभरात तिखट आणि मिरी चरबीत मुरतात. आम्लामुळे तो साध्या खिम्यापेक्षा जरा बरा टिकतो. रेल्वेतल्या लांबच्या प्रवासासाठी केलेल्या मटण करीत चिंच किंवा व्हिनेगर घालत ते यासाठीच, असं अँग्लो-इंडियन घरांत सांगतात. पण आपल्या हवेत त्यावर विसंबू नका. उथळ डब्यात पसरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. गरम करताना दोन चमचे पाणी घालून वाफ येईपर्यंत पूर्ण तापवा. सकाळी तो डोशाच्या पोटात घालता येतो. संध्याकाळी शिळे परोटे उरले असतील तर ते फाडून, अंडं फोडून, या खिम्याबरोबर तव्यावर कोत्तु परोट्यासारखे कोचायचे. वरून लिंबू पिळायचं आणि या वेळी गूळ अजिबात घालायचा नाही, परोट्याचा मैदा पुरेसा गोड असतो.